लॅबवालीला डॉक्टर व्हायचंय

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका 24 वर्षांची आहे. दहावीला 61 टक्के पडले. सायन्सला घातलं तर क्लास लागणार, क्लासला पैसे लागणार, म्हणून वडिलांनी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात एमसीव्हीसीला, म्हणजे व्होकेशनल बारावीला घातलं. कोर्स मेडिकल लॅब टेक्निशियनचा. 2019 साली ती चांगल्या मार्कांनी बारावी झाली आणि तेव्हापासून लातूरच्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आता पगार 14,000. तिला एमबीबीएस करायचं आहे. नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेली, तर काउंटरवरच्या माणसाने मार्कशीट बघून तशीच परत सरकवली. म्हणाला, ‘व्होकेशनलवाल्यांना नीट देताच येत नाही. आयुष्यभर नाही.’ एका एजंटने नीटशिवाय परदेशात सीट देतो म्हणून 50,000 रुपये टोकन मागितलं आहे. इंजिनिअरिंगला डिप्लोमावाल्यांना डायरेक्ट सेकंड इयर मिळतं, तशी सहा वर्षांच्या अनुभवावर मेडिकलला काही सोय नाही का, असा तिचा प्रश्न. घरात स्थळं बघणं चालू आहे. पत्राखाली सही: एक लॅबवाली.

प्रिय मुली,

‘लॅबवाली’ ही सही तू गमतीने केली असशील. पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला ती गंमत वाटली नाही. पण त्याकडे नंतर येते. आधी त्या काउंटरवरच्या माणसाचं बघू, कारण त्याच्या एका वाक्यामुळे तू चार महिने गप्प बसलीस असं लिहिलं आहेस.

तो खोटं बोलत नव्हता. तो जुनं बोलत होता. मेडिकल कौन्सिलच्या 1997 च्या नियमांप्रमाणे अकरावी-बारावीची दोन वर्षं फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी प्रॅक्टिकलसकट शिकलेली असणं भाग होतं. ओपन स्कूलवाल्यांना तर दारातच अडवायचे, आणि त्यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या. मग कौन्सिल गेलं, नॅशनल मेडिकल कमिशन आलं, आणि 22 नोव्हेंबर 2023 ला कमिशनने एक जाहीर सूचना काढली: फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय मान्यताप्राप्त बोर्डातून बारावी झाल्यानंतर जादा विषय म्हणून पास केले असतील, तरी तो उमेदवार नीट-यूजीला पात्र. वयाची वरची मर्यादा त्याच्या आधीच, 2022 मध्ये काढून टाकली होती. खालची तेवढी आहे, प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 पूर्ण. किती वेळा परीक्षा द्यायची यालाही बंधन नाही.

आता तुझी बारावीची मार्कशीट समोर ठेव. इंग्रजी, मराठी, जनरल फाउंडेशन कोर्स आणि लॅब टेक्निशियनचे तीन पेपर. इंग्रजी आहे. फिजिक्स नाही, केमिस्ट्री नाही, बायॉलॉजी नाही. तुझी अडचण एवढीच आहे. ‘व्होकेशनल’ हा शब्द कुणाच्या आडवा येत नाही, हे तीन विषय नसणं आडवं येतं. आणि लगेच दुसरी बाजूही सांगते, कारण तुझ्या पत्रातली खरी आशा तिकडे आहे: ते व्होकेशनल तुझ्या कामालाही येणार नाही. सहा वर्षांच्या अनुभवाचा एक मार्कसुद्धा मिळत नाही. मेडिकलला डायरेक्ट सेकंड इयर हा प्रकार आपल्याकडे नाही. नर्स असो, फार्मासिस्ट असो, बीएएमएस झालेला वैद्य असो, एमबीबीएस करायचं तर नीट देऊन पहिल्या वर्षाला, शरीरशास्त्राच्या हॉलमध्ये, 18 वर्षांच्या पोरांच्या शेजारी उभं राहायचं. इंग्लंडमध्ये मोठ्या वयात शिकायला येणाऱ्यांसाठी ‘ॲक्सेस’ नावाचा वेगळा डिप्लोमा असतो आणि काही मेडिकल स्कूल तो धरतात. पण त्या डिप्लोमातही केमिस्ट्री आणि बायॉलॉजी करावीच लागते.

हे अन्यायाचं आहे का? मला पूर्वी वाटायचं. मी सत्तावीस वर्षं पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी शिकवली. एका बॅचला एक मुलगा होता, आधी लॅबमध्ये काम केलेला. हिमोग्लोबिनचं प्रॅक्टिकल साहलीच्या नळीने व्हायचं. बोट टोचायचं, रबरी नळी तोंडात धरून पिपेटमध्ये 20 च्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं आणि ते ॲसिडमध्ये सोडायचं. बाकीच्यांचं रक्त पिपेटमध्येच गोठायचं, कुणाचं खुणेच्या वर चढायचं, कुणी स्वतःचं बोट टोचायलाच तयार नसायचं. या मुलाने एका दमात बरोब्बर खुणेवर आणून ठेवलं, एक बुडबुडा नाही. मी खूश. तोंडी परीक्षेत विचारलं, ‘हायड्रोक्लोरिक ॲसिडच का घेतोस?’ तो म्हणाला, ‘मॅडम, तेच असतं ना बाटलीत.’ हिमोग्लोबिनचं ॲसिड हिमॅटिन होतं, त्याचा तपकिरी रंग टिकतो, म्हणून समोरच्या काचेशी जुळवता येतो, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं. त्या सहामाहीत तो माझ्याच विषयात गेला. पुढे वॉर्डात मात्र तोच उजवा ठरला. पेशंटला हात लावायची त्याला भीती नव्हती, आणि ती भीती जायला इतरांना दोन-दोन वर्षं लागतात.

तुझ्या पत्रात एक प्रसंग आहे आणि मला वाटतं सगळं पत्र त्यासाठीच लिहिलंस. डेंगीच्या दिवसांत एका बाईंचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी लावलास. मशीनने प्लेटलेट 18,000 दाखवल्या. पण अंगावर कुठे ठिपका नाही, हिरडीतून रक्त नाही, बाई हसून बोलतायत. तुला पटेना. तू स्लाइड केलीस, मायक्रोस्कोपखाली बघितलंस, तर प्लेटलेटचे पुंजके. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मग मशीन त्यांना मोजतच नाही. तू निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलंस आणि आकडा ठीकठाक आला. डॉक्टरांनी सही केली. नातेवाईक डॉक्टरांच्या पाया पडले, आणि तुला जाताना म्हणाले, ‘ए लॅबवाली, दोनदा कशाला टोचलंस गं?’

मी तुला एक विचारते, उत्तर मला कळवायची गरज नाही. त्या क्षणी तुला काय हवं होतं? त्या बाईंचं पुढे काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार? की तू जे ओळखलंस ते तू ओळखलंस, हे कुणीतरी म्हणणं? पहिलं हवं असेल तर एमबीबीएसचा विचार कर. दुसरं हवं असेल तर सांगून ठेवते, ते एमबीबीएसनेही मिळेलच असं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाला वॉर्डबॉयही ‘ए, बाजूला हो’ म्हणतो, आणि इंटर्नला तर सगळेच म्हणतात. आणि तिसरं उत्तरही असू शकतं, की तुला त्या मायक्रोस्कोपमध्येच मजा आली. तसं असेल तर रस्ता निराळा आहे. रिपोर्टवर सही करणारा पॅथॉलॉजिस्ट व्हायला एमबीबीएस, मग पुन्हा एक नीट, मग तीन वर्षं एमडी. पण बीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीची डिग्री), एमएस्सी करून मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये विभाग सांभाळणारी माणसंही आहेत आणि त्यांचा सगळा दिवस तुला आवडतं त्याच कामात जातो.

गंमत अशी की यातलं काहीही निवडलंस तरी पहिली पायरी एकच आहे. म्हणून माझा सल्ला: ‘डॉक्टर होऊ की नको’ हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेव आणि बारावी सायन्स कर. नीटसाठी ती लागतेच. बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस, चांगल्या कॉलेजचं बीएमएलटी, या सगळ्यांना ती लागते. नीट नाही जमली तरी हे वर्ष फुकट जात नाही.

कशी करायची? नोकरी सांभाळून करायची तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. त्यांचं विभागीय केंद्र पुण्यात आहे, अर्ज ऑनलाइन स्वतःचा स्वतः भरता येतो. वर्षातून दोनदा परीक्षा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. कमिशनच्या सूचनेप्रमाणे तुला नुसते तीन जादा विषय केले तरी चालायला हवं. पण मी तुझ्या जागी असते तर पाच विषय घेऊन संपूर्ण बारावी नव्याने केली असती: इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि पाचवा समाजशास्त्र किंवा गृहविज्ञानासारखा सुटसुटीत. ॲडमिशनच्या वेळी कागदपत्रं तपासणारा माणूस दमलेला असतो. त्याच्यापुढे दोन बोर्डांच्या दोन मार्कशीटा आणि एक छापील सूचना ठेवून वाद घालण्यापेक्षा एक स्वच्छ मार्कशीट ठेवलेली बरी. अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच घे, कारण राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून झालेली लागते. त्या बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून 300 पैकी 150 मार्क हवेत, आरक्षित प्रवर्गाला 120. प्रत्येक विषयाला 20 मार्कांचं प्रॅक्टिकल असतं आणि त्याला केंद्रावर जावंच लागतं. ‘घरबसल्या पास करून देतो’ म्हणणारी एक जमात या केंद्रांच्या आसपास घुटमळत असते. तिला चहासुद्धा पाजू नकोस.

तुझ्यासारख्या इतरांसाठी इथेच दोन ओळी. बारावी सायन्सला बायफोकल, म्हणजे एक व्यावसायिक विषय म्हणून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेऊन गणित ठेवलं आणि बायॉलॉजी सोडलं, अशी पुष्कळ मुलं असतात. त्यांचा एकच विषय राहिलेला असतो आणि त्याच सूचनेने तो आता भरून काढता येतो. दहावीनंतर थेट पॉलिटेक्निक किंवा आयटीआयला गेलेल्यांना मात्र बारावीच नसते, त्यांना सगळी बारावी करावी लागेल.

आता नीट. 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 मार्क. बायॉलॉजीचे 90 प्रश्न, फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रत्येकी 45. बरोबर आलं तर 4, चुकलं तर 1 वजा, सोडलं तर शून्य. पेपर मराठीतून देता येतो, सोबत इंग्रजी छापलेलं असतं आणि भाषांतरात घोळ असेल तर इंग्रजी धरतात. 2025 ला 22 लाखांवर मुलं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी. ‘किती मार्क लागतील’ हे विचारू नकोस, कारण आकडा वर्षावर्षाला उडतो. 2024 ला पूर्ण 720 मिळवणारी मुलं आधी 67 निघाली, सुधारित निकालात 17 उरली. पुढच्याच वर्षी पेपर असा अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते. तेव्हा मार्क नाही, रँक बघायची. आणि मराठवाड्याला वेगळा वाटा मिळतो हे तुला कुणी सांगितलं असेल तर तेही जुनं झालं, 70-30 ची ती पद्धत सप्टेंबर 2020 मध्ये बंद झाली.

बायॉलॉजीची मला तुझी काळजी नाही. तू रोज जे हाताळतेस त्याचीच नावं पुस्तकात आहेत. केमिस्ट्री रटाळ आहे पण बसून होते. तुझा घात करील तो फिजिक्स. दहावीनंतर तू गणिताला हात लावलेला नाहीस. उतारावरून घसरणारा ठोकळा, त्याच्यावरचं घर्षण, त्या बलाचे दोन घटक, साइन कुठे नि कॉस कुठे: इथे हुशार मुलंही घसरतात, आणि तुला तर हे सगळं एकटीने, रात्री नऊनंतर करायचं आहे.

म्हणून नोकरी सोडू नकोस. आत्ता तर नाहीच. आधी स्वतःची परीक्षा घे. अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक कुणाकडून तरी जुनं मिळव (लातूरमध्ये जूनच्या सुमाराला रद्दीवाल्याकडे ढिगाने येतात) आणि तीन धडे घे: मापनाचा, प्रतलातल्या गतीचा आणि गतीच्या नियमांचा. तीन महिने, रोज दोन तास, पहाटेचे. पण तू सहाला कलेक्शनला निघतेस, तर रात्रीचे. प्रत्येक धड्यामागची सगळी गणितं वहीत, उत्तर न बघता. तीन महिन्यांनी गेल्या पाच वर्षांच्या नीटच्या पेपरांमधले या तीन धड्यांचेच प्रश्न सोडव. निम्मे बरोबर आले तर तुझ्यात हे आहे. दोन-तीनच आले, पण वही भरलेली असेल, तर अजून तीन महिने दे. आणि वहीच कोरी असेल, तर ते उत्तर आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. क्लासची फी भरून दोन वर्षांनी तेच कळण्यापेक्षा तीन महिन्यांत, एका रद्दीच्या पुस्तकाच्या किमतीत कळलेलं बरं. लातूरच्या क्लासचा शिस्तीचा भाग मला मान्य आहे, पण तो पॅटर्न 17 वर्षांच्या, दिवसाचे बारा तास मोकळ्या असलेल्या मुलासाठी बांधलेला आहे. तापाचं रक्त द्यायला येतानाही ज्याच्या हातात बायॉलॉजीचं पुस्तक असतं असं तू लिहिलंस, त्याच मुलासाठी.

या परीक्षेत उतरलीस तर दोन नीट द्यायच्या असं ठरव. पहिली एनआयओएसच्या बारावीबरोबर. बारावीला बसलेल्यांनाही नीट देता येते. दुसरी त्याच्या पुढच्या वर्षी, त्या वेळी वाटलं तर शेवटचे सहा महिने नोकरी सोडून. त्यासाठी आत्तापासून महिन्याला थोडे बाजूला टाक. तिसऱ्या नीटचा निर्णय दुसरीचा निकाल लागल्यावर एक महिन्याने घे, त्याच दिवशी नाही.

‘बत्तीस वर्षांची तर मी तशीही होणारच’ असं तू शेवटी लिहिलं आहेस. हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि मला ते अर्धवट वाटतं. बत्तीस होशीलच, पण तोवर पैसे कोण मिळवणार? तुझा पगार वर्षाला 1,68,000 होतो. एमबीबीएसची साडेचार वर्षं पगार नाही, म्हणजे आजच्या हिशोबाने 7,56,000 रुपये घरात येणार नाहीत. त्यानंतरच्या, इंटर्नशिपच्या वर्षाला विद्यावेतन मिळतं. सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात, वर होस्टेल-मेस. यात एक जमेची बाजू आहे: 2024 पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस, पण जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाक. ऐन ॲडमिशनच्या आठवड्यात सेतू केंद्राबाहेर रडणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. शिवाय सरकारी सीट घेतलीस तर नंतर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड आहे. तुला तो वर्षभराचा पगार म्हणून आवडेलही.

हा सगळा हिशोब वडिलांसमोर कागदावर मांड. त्यांनी 2017 मध्ये तुला एमसीव्हीसीला घातलं ते त्यांच्या हातातल्या पैशांना धरून घातलं, आणि त्याच कोर्सवर तू सहा वर्षं घर चालवायला हातभार लावलास. त्यावरून आता भांडण काढू नकोस. स्थळांचं म्हणशील तर बघायला येणाऱ्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाक, ‘मी दोन वर्षं नीट देणार आहे आणि लागली तर पुढची साडेपाच वर्षं शिकणार आहे.’ ‘लग्नानंतर शिकवू की’ असं म्हणणाऱ्यांना विचार, फी कोण भरणार आणि होस्टेलवर राहिलेलं चालेल का. याच्या उत्तरात घर कळतं.

आता त्या एजंटबद्दल. परदेशात शिकून इथे प्रॅक्टिस करायची तरी नीट पास व्हावीच लागते, 2018 पासून. नीटशिवाय नेतो म्हणणारा तुला अशा डिग्रीकडे नेतो आहे जी इथे चालणार नाही. तिथून आल्यावर पुन्हा एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकून आलेल्यांची परीक्षा: 300 प्रश्न, पास व्हायला 150, आणि दर वेळी बसणाऱ्यांपैकी बहुतेक जण नापास होतात. ‘सीएमएस अँड ईडी’, ‘इलेक्ट्रोपॅथी’, सहा महिन्यांचा अमुक ब्रिज, अशी नावंही तो पुढे करील. त्या कागदावर ॲलोपॅथीची औषधं लिहिलीस तर 1961 च्या महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायद्यानुसार तो गुन्हा आहे. पन्नास हजार बँकेत राहू दे, तुला ते शेवटच्या सहा महिन्यांना लागतील.

एक दार मात्र असं आहे जिथे तुझं व्होकेशनल जसंच्या तसं चालण्याची शक्यता आहे, आणि ते तुला कुणीच दाखवलेलं दिसत नाही. जीएनएम नर्सिंग. तीन वर्षांचा कोर्स. बारावी कुठल्याही शाखेची, इंग्रजीसह, 40 टक्के, आणि आरोग्यसेवेतल्या व्होकेशनल बारावीचा नियमात वेगळा उल्लेख आहे. कॉलेजात मार्कशीट दाखवून खात्री करून घे. पुढे दोन वर्षं पोस्ट बेसिक बीएस्सी, मग एमएस्सी. तू म्हणशील, मला डॉक्टर व्हायचंय आणि या मला नर्स करतायत. तसं नाही. अतिदक्षता विभागात रात्री दोन वाजता मॉनिटरवरचा आकडा पटला नाही म्हणून पेशंटकडे वाकून बघणारी बहुतेक वेळा सिस्टरच असते. ‘आकडा पटला नाही म्हणून वाकून बघणं’ हे तू त्या प्लेटलेटच्या वेळी केलंच आहेस. ते काम तुला कोणत्या कपड्यात करायला आवडेल, एवढाच विचार कर, आणि आवडणार नसेल तर सरळ सोडून दे.

तीन धडे झाले की कळव. आणि हो, जाता जाता. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेटचं पाणी आधीच भरलेलं असतं, म्हणून तिच्यातला प्लेटलेटचा आकडा 1.1 ने गुणूनच रिपोर्टवर टाकायचा. त्या बाईंच्या रिपोर्टला तू गुणला होतास का? आणि नेमकं 1.1 नेच का, हे वहीच्या पहिल्या पानावर मांडून बघ.